छोटा हत्ती, दीड टनी की मोठी पिकअप? अ‍ॅव्हरेजचा खरा हिशोब



मालवाहतुकीची गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अ‍ॅव्हरेज किती देते?" शोरूमवाला एक आकडा सांगतो, गॅरेजवाला दुसरा, आणि स्टँडवर गाडी लावून उभा असलेला ड्रायव्हर तिसराच. तिघंही खोटं बोलत नसतात बरं का. प्रत्येकाचा रस्ता वेगळा, लोड वेगळा. पण ऐकणारा त्यातला सगळ्यात मोठा आकडा डोक्यात धरून घरी येतो आणि त्या भरवशावर पुढची चार-पाच वर्षं हप्ता भरायला तयार होतो.

त्या आकड्यामागे एक समजूतही असते. इंजिन जेवढं छोटं, तेवढं डिझेल कमी. ७०० सीसीची गाडी २५०० सीसीच्या गाडीपेक्षा स्वस्तात पळणारच, यात विचारायचं काय? विचारायचं आहे. कारण ही समजूत अर्धीच खरी आहे. व्हिडिओत गणितं पळवावी लागतात, म्हणून इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

आधी बाजारात काय आहे ते पटकन बघू. सगळ्यात खाली छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस. २००५ मध्ये ती आली तेव्हा ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं, १६ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आणि पाऊण टन माल, एवढ्यावर तिने तीनचाकी टेम्पोची अर्धी गिऱ्हाईकं पळवली. आता तिच्यात ६९४ सीसीचं पेट्रोल इंजिनही मिळतं. याच वर्गात मारुतीची सुपर कॅरी, साधारण १२०० सीसी, पेट्रोल आणि सीएनजी. त्यावरचा वर्ग दीड हजार सीसीचा : टाटा इन्ट्रा व्ही३० आणि व्ही५० (१४९६ सीसी), अशोक लेलँड दोस्त (१४७८ सीसी, तीन सिलिंडर). या गाड्या सव्वा ते दीड टन उचलतात. आणि वर महिंद्राची बोलेरो पिकअप, २५२३ सीसी, जिला आपल्याकडे बहुतेक जण नुसतं "पिकअप" म्हणतात. तिची १.७ टनवाली गाडी मार्केट यार्डात तुम्हाला रांगेने दिसेल.

"किलोमीटर प्रति लिटर" हा आकडा फसवा आहे

हे आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

एक प्रश्न. एका गाडीचं अ‍ॅव्हरेज ८ वरून १० झालं. दुसऱ्या गाडीचं १६ वरून १८ झालं. दोन्हीकडे २ किलोमीटर वाढले. फायदा कुणाला जास्त? बहुतेक जण म्हणतात सारखाच. आता १०० किलोमीटरवर मोजा. पहिल्या गाडीला आधी १२.५ लिटर लागायचं, आता १० लागतं. अडीच लिटर वाचलं. दुसरीला आधी ६.२५ लागायचं, आता साधारण ५.५५. वाचलं जेमतेम ०.७ लिटर. डिझेल हिशोबासाठी ९० रुपये लिटर धरू (मी या लेखात सगळीकडे हाच भाव धरलाय, तुम्ही तुमच्या पंपाचा टाका). पहिल्याचे शंभर किलोमीटरमागे २२५ रुपये वाचले, दुसऱ्याचे ६३.

म्हणजे काय, तर मोठ्या इंजिनाच्या गाडीत एक-दोन किलोमीटरचा फरक म्हणजे खरे पैसे आहेत. छोट्या गाडीत "ही १८ देते, ती १९ देते" यावर वाद घालत बसणं म्हणजे चहाच्या पैशासाठी भांडण. म्हणून मी म्हणतो, अ‍ॅव्हरेज विचारू नका, "शंभर किलोमीटरला किती लिटर" असं विचारा. ड्रायव्हर पहिल्यांदा तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

डिझेल जातं कुठे?

इंजिनात जाळलेल्या डिझेलपैकी साधारण एक तृतीयांश शक्तीच चाकापर्यंत पोहोचते. बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून गरम हवा होऊन जाते. हे छोट्या-मोठ्या सगळ्याच इंजिनांचं आहे. फरक पडतो तो उरलेली शक्ती कशात खर्च होते यावर.

पहिला खर्च इंजिनाचा स्वतःचा. पिस्टन घासतात, ऑइल पंप, पाण्याचा पंप, अल्टरनेटर फिरतात. इंजिन मोठं तर हा खर्च मोठा, मग हौद्यात माल असो नाहीतर नसो. मोठं डिझेल इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालू ठेवलं तरी तासाला अर्धा लिटर सहज पितं. म्हणून २५०० सीसीची गाडी रिकामी, गल्लीबोळातून, दर पाच मिनिटांनी थांबत फिरवली की तिचं अ‍ॅव्हरेज बघून रडू येतं. छोट्या इंजिनाचा खरा फायदा इथे आहे. शहरात, कमी लोडला, थांबत-थांबत चालणाऱ्या धंद्यात.

दुसरा खर्च वजनाचा. टायर रस्त्यावर दबतो, परत फुगतो, त्यात शक्ती जाते. वजन दुप्पट केलं की हा खर्च जवळजवळ दुप्पट. टायरमध्ये हवा कमी असली की आणखी. इथे इंजिन किती सीसीचं आहे याला काही किंमत नाही. गाडी आणि माल मिळून अडीच टन ओढायचे तर अडीच टनाचंच डिझेल लागणार.

तिसरा खर्च हवेचा, आणि याच्याकडे आपल्याकडे कुणी लक्षच देत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० च्या वेगाला जेवढा विरोध, त्याच्या पावणेदोन पटीहून जास्त ८० ला. पिकअपचा आकार असाही भिंतीसारखा, त्यात केबिनच्या वर तीन थर कॅरेट आणि फडफडणारी ताडपत्री. भरलेल्या दीड टनी गाडीचा मी ढोबळ हिशोब मांडला तर सपाट रस्त्यावर ६० ऐवजी ८० ने गेल्यावर शंभर किलोमीटरमागे दोन लिटरच्या वर डिझेल जास्त जातं. दोन लिटर! बऱ्याचदा दोन गाड्यांच्या इंजिनामधला फरकसुद्धा एवढा नसतो.

चौथा खर्च चढणीचा. यावर मला जरा थांबायचंय, कारण महाराष्ट्रात धंदा करायचा म्हणजे घाट आलाच.

खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता जवळपास साडेपाचशे मीटर वर चढतो. आता वजन गुणिले उंची, हे शाळेतलं गणित. दीड टनी गाडी, तिचं स्वतःचं वजन धरा १,३०० किलो, मालाचं १,५०० किलो, एकूण २,८०० किलो. एवढं वजन साडेपाचशे मीटर वर उचलायला जवळपास दीड कोटी जूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये साडेतीन कोटी जूलहून थोडी जास्त ऊर्जा असते, पण चाकाला त्यातली तिसरा हिस्सा मिळते. म्हणजे नुसतं वर उचलायलाच सव्वा लिटर. रस्ता कापायचं डिझेल वेगळं. तीच गाडी रिकामी असेल तर सहाशे मिलिलिटरच्या आत काम होतं.

आता यातली गंमत बघा. नारायणगावचा टोमॅटो वाशीच्या मार्केटला नेणारा माणूस घाट भरलेल्या गाडीने उतरतो आणि रिकाम्या गाडीने चढतो. भिवंडीच्या गोडाऊनमधून पुण्याला माल आणणारा नेमकं उलटं करतो, भरलेली गाडी चढवतो. गाडी तीच, घाट तोच, इंजिन तेच. तरी दोघांचं अ‍ॅव्हरेज सारखं येणार नाही. आणि दोघं एकाच चहाच्या टपरीवर उभे राहून एकमेकांना सांगणार, "माझी तर एवढं देते, तुझी का देत नाही? पंप चेक कर."

उतारावरची एक गोष्ट सांगून ठेवतो. घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे अजून आहेत. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये ठेवून एक्सलेटर सोडला की इंजेक्टर डिझेल देणं बंदच करतात. न्यूट्रलमध्ये टाकलं तर मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रल करून डिझेल जास्त जातं, आणि ब्रेक तापून फेल झाला तर गाडीही जाते.

मग छोट्या इंजिनावर जास्त लोड टाकला तर?

हा आपला राष्ट्रीय छंद आहे. पाऊण टनाच्या गाडीवर सव्वा टन, दीड टन. "ओढते की! आणि अ‍ॅव्हरेज पण चौदा देते!" असं म्हणणारे खूप भेटतात.

इंजिनाला एक आवडता पट्टा असतो. साधारण मधल्या आरपीएमला, बऱ्यापैकी लोडवर, तिथे ते प्रत्येक थेंबातून जास्तीत जास्त काम काढतं. छोटं इंजिन त्याच्या मापाच्या लोडवर या पट्ट्यात आरामात बसतं. पण दीड टन टाकून हायवेला लावलं की ते सतत शेवटच्या टोकाला चालतं. टॉप गिअर टिकत नाही, खाली टाकावा लागतो, आरपीएम वर जातं, घासणं वाढतं, चढावर धूर. सपाट रस्त्यावर जो फायदा होता तो घाटात संपतो. आणि डिझेलच्या बिलात जे दिसत नाही ते वेगळंच : क्लच प्लेट, पाटे, टायर, ब्रेक लायनर.

शिवाय कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. आणि जादा माल खाली उतरवून मगच गाडी सुटते. भर उन्हात टोमॅटो रस्त्यावर उतरवायचे म्हटल्यावर २० हजार हा छोटा आकडा वाटेल.

सीसी आणि ओढ यांचं नातं तर आता फारच सैल झालंय. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण टाटाच्याच दोन गाड्या. इन्ट्रा व्ही३० आणि व्ही५०, दोन्हींचं इंजिन १४९६ सीसी. पण व्ही३० चा टॉर्क १४० न्यूटन-मीटर, व्ही५० चा २२०. टॉर्क म्हणजे साध्या भाषेत चाक फिरवायची ओढ. एकाच मापाच्या इंजिनातून दीडपटीहून जास्त. आणि बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं इंजिन? २०० च्या आसपास. म्हणजे दीड हजार सीसीचं टर्बो इंजिन कागदावर अडीच हजार सीसीच्या पुढे. मग लोक अजून मोठ्या इंजिनाची पिकअप का घेतात? कारण मोठं इंजिन ती ओढ कमी आरपीएमपासून, निवांत देतं, कच्च्या रस्त्यावर आणि चिखलात ते कळतं. तिचा सांगाडा दणकट, गावागावांत मिस्त्री, पार्ट कुठेही मिळतात, आणि जुनी विकताना भाव चांगला येतो. ही सगळी चांगली कारणं आहेत. पण ती अ‍ॅव्हरेजची कारणं नाहीत, एवढं डोक्यात वेगळं ठेवा.

आता दोन धंदे घेऊ

खालचे अ‍ॅव्हरेजचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या गाडीचे, तुमच्या रस्त्याचे मोजून टाका. पद्धत बघा.

पहिला धंदा : नारायणगावहून वाशीला टोमॅटो. चाकण-तळेगावमार्गे एक बाजू दीडशे किलोमीटर धरू, जाऊन-येऊन ३००. एका कॅरेटमध्ये २० किलो टोमॅटो आणि रिकाम्या कॅरेटचं वजन २ किलो, म्हणजे २२. (कॅरेटचं वजन धरायला लोक हमखास विसरतात. सत्तर कॅरेटमध्ये १४० किलो नुसतं प्लास्टिक असतं.)

छोटी गाडी, पाऊण टन, म्हणजे ३४ कॅरेट. अ‍ॅव्हरेज समजा १६. डिझेल लागलं १८.७५ लिटर, पैसे साधारण १,६९०. एका कॅरेटवर पडले सुमारे ५० रुपये.

दीड टनी गाडी, ६८ कॅरेट. अ‍ॅव्हरेज समजा १२. डिझेल २५ लिटर, २,२५० रुपये. कॅरेटला ३३ रुपये.

मोठी पिकअप, १.७ टन, ७७ कॅरेट. अ‍ॅव्हरेज समजा १०.५. डिझेल साडेअठ्ठावीस लिटर, जवळपास २,५७० रुपये. कॅरेटला ३३ रुपये आणि काही पैसे.

बघितलंत? जिचं अ‍ॅव्हरेज सगळ्यात भारी, तिचा कॅरेटचा खर्च दीडपट. आणि जिचं अ‍ॅव्हरेज सगळ्यात वाईट, ती मधल्या गाडीच्या बरोबरीला. यात अजून ड्रायव्हरचा पगार आणि टोल धरलाच नाही. ड्रायव्हर ३४ कॅरेटला अर्धा पगार घेत नाही.

पण थांबा, लगेच मोठी गाडी बुक करू नका. समजा तुमच्याकडे रोज ४० कॅरेटच असतात. लोड कमी म्हणून दीड टनी गाडी १३ देईल, मोठी ११.५. दीड टनीला २३ लिटर लागलं, २,०७७ रुपये, कॅरेटला ५२. मोठीला २६ लिटर, सुमारे २,३५० रुपये, कॅरेटला ५९ च्या आसपास. म्हणजे अर्धा हौदा रिकामा नेलात की मोठी गाडी छोट्या गाडीपेक्षाही महाग. तुम्ही डिझेल मालासाठी नाही, हवा वाहून न्यायला जाळताय.

म्हणून माझा सल्ला असा असतो की गाडी निवडायच्या आधी महिनाभर भाड्याच्या गाडीने माल पाठवा आणि रोजचं वजन लिहा. सगळ्यात जास्त झालेला दिवस बघून गाडी घेऊ नका. महिन्यातल्या बहुतेक दिवसांना जेवढा माल निघतो त्या मापाची घ्या, आणि सीझनच्या आठ दिवसांत जास्तीची गाडी भाड्याने लावा. सीझनच्या आठ दिवसांसाठी वर्षभर मोठं इंजिन पोसणं परवडत नाही.

दुसरा धंदा : शहरात पाण्याचे जार. वीस लिटरचा भरलेला जार २१ किलोच्या आसपास. ३० जार म्हणजे सहाशे-साडेसहाशे किलो. दिवसाला ४० किलोमीटर, पण पन्नास ठिकाणी थांबायचं. इथे छोटी गाडी समजा १४ देईल, रोजचे २५७ रुपये. मोठी पिकअप याच कामाला समजा ८ देईल, रोजचे ४५०. रोजचा फरक १९३, महिन्याला २६ दिवस धरले तर पाच हजार. तीन-चार जणांच्या कुटुंबाचा किराणा झाला हा. इथे सीसी छोटीच पाहिजे, दुसरा विचार करू नका. जार, बेकरी, डबे, लाँड्री, किराणा पोहोच, सगळ्यांना हेच लागू.

याच धंद्यात अजून एक बघा. दोन छोट्या गाड्यांमध्ये एक १४ देते आणि दुसरी १३, आणि पहिली एक लाखाने महाग आहे. घ्यावी का? रोज ४० किलोमीटरला फरक पडतो वीस रुपयांचा, महिन्याला पाचशे. एक लाख जास्त कर्ज ११ टक्क्यांनी चार वर्षांसाठी काढलं तर त्याचा हप्ता येतो २,५८५ रुपये. पाचशे वाचवायला अडीच हजार. रोज दोन-अडीचशे किलोमीटर पळणाऱ्याने हा विचार करावा, चाळीस किलोमीटरवाल्याने नाही.

पेट्रोल, सीएनजी यांची तुलना करताना

इथे फार गोंधळ होतो. सीएनजी किलोवर मिळतो, पेट्रोल-डिझेल लिटरवर. एक किलो सीएनजीमध्ये एक लिटर पेट्रोलच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते. त्यामुळे "सीएनजीवर जास्त अ‍ॅव्हरेज देते" हे वाक्य ऐकून हुरळून जाऊ नका, माप वेगळं आहे. दोन्हीकडे रुपये प्रति किलोमीटर काढा आणि मगच बोला. बहुतेक शहरांत सीएनजी तरीही स्वस्त पडतो, हे खरं. पण टाकीचं वजन मालातून कापलं जातं. सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो नेते, सीएनजीवर ६२५. वर पंपावरच्या रांगेतला वेळ. सकाळच्या दोन फेऱ्यांपैकी एक रांगेत गेली तर अ‍ॅव्हरेजला काय ओवाळायचंय?

डिझेलच्या बाबतीत २०२० पासूनचा बीएस-६ चा मुद्दा लक्षात घ्या. अनेक गाड्यांत धुरातली काजळी अडवायला डीपीएफ नावाची जाळी असते. ती भरली की गाडी जास्तीचं डिझेल जाळून ती काजळी साफ करते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. दिवसभर दोन-दोन किलोमीटरवर बंद-चालू करणाऱ्याला हे जमत नाही, मग दिवा लागतो आणि गॅरेजची वारी. रोज तीस-चाळीस किलोमीटर, तेही गल्लीत, असं काम असेल तर मी छोट्या पेट्रोल किंवा सीएनजी गाडीकडे आधी बघेन.

स्वतः कसं मोजायचं

टाकी फुल पद्धत. एकाच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, गाडी सपाट उभी करून ऑटो कटपर्यंत डिझेल भरा. नोझल कट झालं की "अजून थोडं टाक" नाही. किलोमीटर लिहा. नेहमीसारखी गाडी चालवा. परत तिथेच ऑटो कटपर्यंत भरा, किती लिटर बसलं ते लिहा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, किमान तीन टाक्या सलग मोजा. डॅशबोर्डवर दिसणारं अ‍ॅव्हरेज हा गाडीचा अंदाज आहे, पंपाची पावती हा तुमचा खर्च आहे.

वहीत पाच रकाने : तारीख, किलोमीटर, लिटर, जातानाचं वजन, येतानाचं वजन. शेवटचे दोन रकाने कुणी लिहीत नाही, आणि खरी माहिती त्यातच असते. वजनाचा अंदाज नको, एकदा-दोनदा काटा करून घ्या. टायर मोठ्या मापाचे बसवले असतील तर किलोमीटरचा आकडाही चुकतो, कारण चाकाचा एक फेरा जास्त अंतर कापतो आणि मीटरला ते कळत नाही.

कंपनीच्या आकड्याबद्दल मला राग नाही. तो प्रमाणित चाचणीच्या परिस्थितीतला असतो, आणि जाहिरातीत बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. दोन गाड्या एकमेकींशी ताडून बघायला त्याचा उपयोग आहे. पण त्या चाचणीत तुमचे कांदे नसतात, तुमचा खंबाटकी घाट नसतो, आणि तुमचा पुतण्या गाडी चालवत नसतो. पुतण्याचं गमतीत नाही सांगत. एकाच गाडीवर दोन ड्रायव्हर महिनाभर आळीपाळीने बसवा आणि वही बघा. सतत एक्सलेटर-ब्रेक करणारा आणि लांबूनच सिग्नल बघून पाय काढणारा, यांच्यात दीड-दोन किलोमीटरचा फरक सहज पडतो. नवी गाडी घेण्यापेक्षा त्या ड्रायव्हरला शंभर लिटरमागे काही बक्षीस ठेवणं स्वस्त.

गाडी घ्यायला जाल तेव्हा शोरूममध्ये ट्रायल मागा, आणि रिकामी नको, स्वतःचा माल भरून मागा. काही ठिकाणी डेमो गाडी लोडसकट देतात, काही ठिकाणी टाळाटाळ करतात, पण मागायला काय जातं. जवळची एक चढण आधीच ठरवून ठेवा आणि तिथे न्या. कितव्या गिअरमध्ये चढली, खाली गिअर किती वेळा टाकावा लागला, एवढं बघितलं तरी इंजिन तुमच्या लोडला पुरतंय की धापा टाकतंय ते कळतं. त्यानंतर पहाटे मार्केट यार्डात जा. तुमच्याच रूटवर, तुमच्यासारखाच माल नेणारे तीन ड्रायव्हर शोधा, चहा पाजा, आणि त्यांना अ‍ॅव्हरेज विचारू नका. विचारा : एका फेरीला डिझेल कितीचं टाकतोस, जाताना किती कॅरेट असतात, आणि येताना हौद्यात काय असतं?